क्लच गेला म्हणजे गाडी गेली नाही

प्रश्न : आमची छोटी हॅचबॅक आता बारा वर्षांची झाली. पेट्रोलची आहे, १,१२,००० किलोमीटर झालेत. घेतली तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. आता तो सहा फूट झालाय आणि मागे बसला की त्याचे गुडघे माझ्या पाठीला लागतात. गाडी मुख्यतः मीच चालवते. गेली चार वर्षं म्हणजे घर ते ऑफिस चार किलोमीटर, आणि परत. गेल्या महिन्यात एका चढावर गाडी नुसती गुरगुरायला लागली, पुढे सरकेचना. गॅरेजवाले म्हणाले, क्लच संपलाय, पुढच्या सस्पेन्शनचे बुशही (सांध्यांतली रबरं) गेलेत. त्यांनी सांगितलेला खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळजवळ चौथा हिस्सा होतो. माझे दीर म्हणतात, "वहिनी, एकदा क्लच गेला की मग रांग लागते. आज क्लच, उद्या इंजिन. आत्ताच काढून टाका." यजमान म्हणतात, तू ठरव. बाकी गाडीची काही तक्रार नाही. टायर सात वर्षांचे असूनही नक्षी भरपूर आहे. ब्रेकला तर बारा वर्षांत पॅड सोडून कुठे हात लावावा लागला नाही. दोन एअरबॅग आहेत, एबीएस आहे. पाऊस झाला की आत जरा कुबट वास येतो. डिकीचं दार वर राहत नाही, त्याला मी काठीचा टेकू देते. ठेवू की विकू? ठेवली तर अजून किती वर्षं? गाडीत जीव अडकलाय हे कबूल करते, म्हणून माझ्याच मतावर माझा विश्वास नाही.
— डिकीला काठी लावणारी

उत्तर : ताई, ठेवा. क्लच बदला, बुश बदला आणि चालवा. पण त्या कामाला हो म्हणायच्या आधी एक तपासणी करायची आहे. शिवाय तुमच्या पत्रात ज्या दोन गोष्टी तुम्ही कौतुकाने लिहिल्यात, त्यांचीच मला क्लचपेक्षा जास्त काळजी वाटते. त्याकडे येतेच.

आधी दिरांचं बघू. "क्लच गेला की रांग लागते" हे मलाही ऐकवण्यात आलं होतं, माझी हॅचबॅक आठ वर्षांची असताना. त्यानंतर ती आणखी सहा वर्षं माझ्याकडे होती. क्लच प्लेट ही झिजण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे, चपलेच्या तळासारखी. चपला झिजल्या म्हणून कुणी गुडघे तपासून घेत नाही.

जुन्या गाडीत दोन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात आणि घरात चर्चा निघाली की त्यांची सरमिसळ होते. एक झीज, दुसरी सड. क्लच, ब्रेक पॅड, बुश, बेअरिंग, शॉक ॲब्सॉर्बर, बॅटरी ही सगळी झीज. बदललं की तेवढा भाग पुन्हा नवा, विषय संपला. सड म्हणजे पत्र्याला आतून लागलेला गंज, पाणी शिरून हिरवं पडलेलं वायरिंग, गाडी तापून वाकलेलं सिलिंडर हेड. ती एका जागी दिसते तेव्हा आणखी चार जागी असते. झिजेचं बिल मोठं आलं तर मी कुरकुर करत का होईना, भरते. सडीचं बिल छोटं आलं तरी मी गिऱ्हाईक शोधायला लागते.

तुमच्या पत्रातली झीज गॅरेजवाल्यांनी सांगितली. सडीचा मात्र एक माग आहे आणि तो कुणीच मनावर घेतलेला नाही : पावसानंतरचा कुबट वास.

हा वास माझ्या गाडीलाही यायचा. दोन वर्षं मी एसीला दोष दिला. केबिन फिल्टर बदलला, एसी आतून साफ करून घेतला, आरशाला सुगंधी डबी लटकवली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. एकदा पेनाचं टोपण सीटखाली घरंगळलं म्हणून हात घातला तर गालिचा गार लागला. वरून कोरडा, पण दाबला की बोटांभोवती पाणी. दाराजवळची प्लॅस्टिकची पट्टी काढून गालिच्याची कड उचलली, तर खालचा जाड फोम पिळून काढण्याइतका ओला. पाणी आलं कुठून? पुढच्या काचेखाली, वायपर जिथे बसवलेले असतात तिथे एक जाळी असते. काचेवरचं पाणी त्या जाळीतून खालच्या पन्हाळीत पडतं आणि दोन टोकांच्या भोकांतून रस्त्यावर निघून जातं. माझ्या गाडीची दोन्ही भोकं कुजक्या पानांनी बुजली होती. पन्हाळ भरली की पाणी ब्लोअरच्या वाटेने आत. मूठभर काळा चिखल काढला, गालिचा चार दिवस उन्हात टाकला, वास गेला. पण तोवर पायाखालच्या पत्र्यावर पंजाएवढा गंज धरला होता. नशिबाने वरवरचा होता. खरवडून, प्राइमर मारून भागलं.

तेव्हा आजच तुमच्या गाडीचे चारही पायांखालचे गालिचे दाबून बघा. मग गॅरेजमध्ये क्लचला होकार देण्याआधी गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि स्वतः खाली उभ्या राहा. गॅरेजवाल्यांनी फोनवर फोटो पाठवतो म्हटलं तरी जा. दारांच्या खालचा लांब डबा, चाकांच्या कमानींची आतली कड, जॅक लावायच्या जागा, मागचा ॲक्सल जिथे बॉडीला जोडलाय ती जागा, या सगळ्यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज यायला हवा. बद्द वाजलं आणि पापुद्रे सुटून खाली पडले तर ते लक्षण वाईट. बोनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनची वरची टोकं ज्या दोन घुमटांना बोल्ट केलेली असतात ते बघा. शेवटी डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात हात फिरवा. मागच्या दिव्यांची रबरं जुनी झाली की पाणी तिथे साचतं आणि स्टेपनी कुणी वर्षानुवर्षं उचलत नाही म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. बारा वर्षांच्या गाडीखाली थोडा तांबूस रंग दिसणारच, त्याने हबकू नका. पण सस्पेन्शन जोडलेल्या ठिकाणी पत्रा सुटत असेल किंवा भोक असेल, तर माझं वरचं उत्तर खोडून टाका. मग त्या क्लचवर दमडीही घालायची नाही.

पत्रा धड निघाला असं धरून पुढे जाते.

क्लचचं बिल एवढं का येतं? वस्तूपेक्षा मजुरीमुळे. गाड्यांची रचना करणारे ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ च्या मिनी या गाडीत इंजिन आडवं बसवलं, म्हणून जेमतेम दहा फुटांच्या गाडीत चार माणसं मावली. १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीत दान्ते जाकोसा या दुसऱ्या रचनाकाराने गिअरबॉक्स त्या आडव्या इंजिनाच्या टोकाला जोडला, आणि आज जवळजवळ प्रत्येक छोट्या हॅचबॅकच्या बोनेटखाली हीच मांडणी आहे. आपल्या पायांना जी जागा मिळाली ती मेकॅनिकच्या हातांची जागा कापून. क्लच बसलाय इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या बेचक्यात. तिथे पोचायचं तर ड्राइव्ह शाफ्ट सोडवायचे, इंजिनाला खालून आधार द्यायचा, गिअरबॉक्स उतरवायचा. एवढं सगळं उघडल्यावर फक्त प्लेट बदलून पैसे वाचवणं हा शुद्ध वेडेपणा, आणि हे मी केलेलं आहे म्हणून सांगते. मी नुसती प्लेट टाकली. दहा महिन्यांनी क्लच दाबला की आतून रातकिड्यासारखं किरकिरायला लागलं, म्हणजे रिलीज बेअरिंग गेलं. तीच मजुरी दुसऱ्यांदा भरली.

तुम्ही प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट टाकून घ्या. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, त्या बाजूचं ऑइल सीलही तेव्हाच बदला. ते छोटंसं असतं, पण पुढे गळायला लागलं तर तेल थेट नव्या प्लेटवर. ड्राइव्ह शाफ्टच्या टोकांवर घडीघडीचे रबरी बूट असतात. ते तडकले असतील तर बदला, नाहीतर आतलं ग्रीस बाहेर आणि धूळ आत, आणि थोड्या दिवसांनी पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी हलवली की कट-कट-कट. जुनी प्लेट टाकून देण्याआधी हातात घेऊन बघायला मागा. नव्या प्लेटवर रिव्हेट खोल बुडालेले असतात. संपलेलीवर ते पृष्ठभागाशी आलेले दिसतात. एकदा बघितलं की आपण कशाचे पैसे दिले ते कळतं.

काम सोपवायच्या आधी एक खात्री मात्र करा. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उसळला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. काही गाड्यांत क्लच वायरवर चालतो. ती जास्त ताणलेली असली तरी हेच होतं आणि ॲडजस्टमेंट पाच मिनिटांत होते, म्हणून तेवढं विचारून घ्या. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं प्लेटच संपली आहे. आणि शहरातल्या थांबत-चालत रहदारीत पहिलाच क्लच १,१२,००० किलोमीटर टिकला असेल, तर तुमच्या डाव्या पायाला शाबासकी. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणाऱ्यांना एवढं आयुष्य मिळत नाही. दिरांच्या कानावर घाला.

बुशचं फारसं सांगण्यासारखं नाही. ती रबरं आहेत, बारा वर्षांत मरतात. बदला, लगेच अलाइनमेंट करून घ्या, आणि चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचा (लोअर आर्मचा) बॉल जॉइंट हलतोय का तेवढं तिथेच बघायला सांगा.

आता ज्या दोन गोष्टींचं तुम्हाला कौतुक आहे त्या.

टायर. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर बाद. खोबणीत मधेमधे आडवे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की ती वेळ झाली. तुमचे टायर या परीक्षेत सहज पास होतील. पण रबर नुसतं घासून संपत नाही, वयानेही मरतं. उन्हाने, हवेने ते कडक होत जातं. चार किलोमीटरच्या फेऱ्यांत टायर झिजत नाही, म्हणून तो तरुण दिसतो इतकंच. बाजूच्या भिंतीवर डॉट या अक्षरांपासून सुरू होणारा एक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. ३४१७ असेल तर तो टायर २०१७ सालच्या ३४ व्या आठवड्यात बनला. तुम्ही सात वर्षांपूर्वी विकत घेतले म्हणजे ते सात वर्षांचेच असतील असं नाही. दुकानात किती दिवस पडून होते ते हा आकडा सांगेल. हा क्रमांक टायरच्या एकाच बाजूला पूर्ण लिहिलेला असतो, त्यामुळे बाहेरून दिसला नाही तर आतल्या बाजूला, लिफ्टवर असतानाच बघा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाकावा, असं टायर बनवणारेच सांगतात. भिंतीवर बारीक भेगांचं जाळं दिसत असेल तर सात वर्षंही खूप झाली.

क्लच आणि टायर दोन्ही एकदम परवडत नसेल तर आधी टायर घ्या. क्लच गेला की गाडी जागेवर उभी राहते. टायर दगा देतो तो ओल्या रस्त्यावर, ब्रेक दाबल्यावर. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे लावा. गाडी पुढच्या चाकांवर ओढते म्हणून नवे पुढे लावायची बहुतेकांची पद्धत, पण मागची चाकं सुटली की गाडी गर्रकन फिरते आणि मग आपल्यासारख्या रोजच्या चालवणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. स्टेपनीचाही क्रमांक वाचा. ती बहुधा गाडीबरोबर आलेली असेल, म्हणजे बारा वर्षांची, एकदाही रस्ता न बघितलेली. दिसायला नवी कोरी. ती फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरती.

दुसरं, ब्रेक. "पॅड सोडून हात लावावा लागला नाही" याचा अर्थ ब्रेक ऑइल बारा वर्षं तेच आहे असा मी घेते. हे तेल हवेतली ओल शोषत राहतं, झाकण बंद असलं तरी. नेहमीच्या 'डॉट ४' प्रतीच्या ब्रेक तेलाचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियस हवा. ओल धरल्यावरची मर्यादा १५५ अंश. एवढा फरक. घर ते ऑफिस तुम्हाला काहीच जाणवणार नाही. पण कधी चौघं आणि सामान घेऊन लांब घाट उतरताना सारखा ब्रेक दाबत राहिलात, की तेलाला उकळी फुटते, नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल कापसासारखं खाली जातं. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत दर दोन वर्षांनी हे तेल बदला म्हणून लिहिलेलं असतं आणि बहुतेक जण ते पान उघडतच नाहीत. स्वस्तातलं काम आहे. शिवाय जुन्या तेलातलं पाणी आतून कॅलिपर गंजवतं, ते प्रकरण नंतर महागात पडतं.

याच पुस्तिकेत आणखी एक बघायचं : तुमच्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारी टायमिंग चेन आहे की बेल्ट. चेन असेल तर वेळेवर तेल बदलणं हीच तिची सेवा. बेल्ट असेल तर त्याला किलोमीटरची मर्यादा असते तशीच वर्षांचीही, आणि बारा वर्षांत तो एकदाही बदलला नसेल तर क्लच-टायर सगळं बाजूला ठेवून तो आधी. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. दिरांचं "उद्या इंजिन" खरं करण्याचा तोच एक खात्रीचा मार्ग.

तुमच्या चार किलोमीटरबद्दल बोलायलाच हवं, कारण लोकांना वाटतं कमी चालवली म्हणजे गाडी जपली. चार किलोमीटरमध्ये इंजिन धड तापतच नाही. जळणातून तयार झालेली वाफ आणि न जळलेलं थोडं पेट्रोल तेलात उतरतं आणि तिथेच राहतं. सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो. स्टार्टर बॅटरीतून जेवढं काढतो तेवढं तिच्यात परत भरायलाही वेळ मिळत नाही. तेल भरायचं झाकण उघडून आतून बघा, पिवळसर फेस असेल. तो बघून एखादा मेकॅनिक हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालची सीलची पट्टी) गेलंय म्हणून घाबरवेल. लगेच विश्वास ठेवू नका. थंड इंजिनावर कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीवर खूण करा, महिनाभर बघा. पातळी तिथेच राहिली तर तो फेस फक्त छोट्या फेऱ्यांचा आहे. लांब चक्कर मारून आलात की नाहीसा होईल. पातळी कुठेही गळती नसताना खाली जात राहिली तर मात्र काळजीचं. गरम असताना ते झाकण कधीही उघडू नका, हे तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहिते. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्या. आणि इंजिन ऑइल किलोमीटर भरायची वाट न बघता कॅलेंडरवर बदला, वर्षातून एकदा तरी.

आता पैशाचं. गॅरेजच्या बिलाची तुलना गाडीच्या विक्रीच्या किमतीशी करणं ही सगळ्यांची सवय, आणि ती चुकीची. ती किंमत घेणाऱ्याच्या कामाची. तुम्हाला विचारायचंय ते असं : हे बिल म्हणजे नव्या गाडीचे किती हप्ते? समजा आठ हप्त्यांएवढं आलं. म्हणजे दुरुस्तीनंतर गाडी आठ महिने चालली की बिल फिटलं, त्यापुढचं सगळं वाचलं. नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत धडाधड उतरते. तुमची जेवढी उतरायची तेवढी केव्हाच उतरून गेली आहे, आता वर्षाला तिच्यात फारसा फरक पडत नाही. गेल्या तीन वर्षांची बिलं काढा, पेट्रोल आणि विमा सोडून सगळं मिळवा, छत्तीसने भागा. आलेला आकडा दिरांपुढे ठेवा. वाद घालायची गरज पडणार नाही.

एका बाबतीत त्यांना थोडं मानायला हवं. रांग लागते, पण ती क्लचमुळे नव्हे. गाडीतली सगळी रबरं एकाच दिवशी जन्मलेली असतात, म्हणून ती थोड्याफार फरकाने एकाच सुमारास जातात : बुश, इंजिन माउंटिंग, रेडिएटरच्या नळ्या, दारांची रबरं. माझ्या वहीत अकरावं वर्ष सगळ्यात महाग निघालं, दर दोन महिन्यांनी काहीतरी. मी विकायच्या बेतात होते. बारावं आणि तेरावं वर्ष मग सगळ्यात स्वस्त गेलं. रांग होती, संपली. गाडी विकली असती तर त्या नव्या रबरांवर दुसऱ्या कुणी दोन वर्षं मजेत काढली असती.

दिरांनी मांडायला हवा होता तो मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो त्यांनी मांडलाच नाही. फियाट पुंटो ही गाडी २००५ मध्ये युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेच्या धडक-चाचणीत पाच तारे घेऊन गेली होती. तीच रचना २०१७ मध्ये पुन्हा तपासली तेव्हा शून्य तारे. गाडी बिघडली नव्हती, मधल्या काळात अपेक्षा वाढल्या होत्या. तुमच्याकडे दोन एअरबॅग आणि एबीएस आहे. बाजूच्या एअरबॅग नाहीत, आणि बहुधा स्टॅबिलिटी कंट्रोलही नसेल. वळणावर गाडी सरकायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी ही यंत्रणा; युरोपात २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची आहे. रोजच्या चार किलोमीटरच्या सावकाश जाण्यायेण्याला मी त्यावाचून चालवून घेईन. पण मुलगा सतरा वर्षांचा आहे. वर्षभरात किल्ली मागेल. याच गाडीवर त्याला जरूर शिकवा, याहून चांगली शाळा नाही. तो मित्रांना घेऊन रात्री हायवेवर जायला लागला की मात्र माझा सल्ला बदलतो. तेव्हा तुमचे गुडघेदुखीचे, म्हणजे पाठीला लागणाऱ्या गुडघ्यांचे, प्रश्नही आपोआप सुटतील, कारण तो पुढे बसलेला असेल.

म्हणून "अजून किती वर्षं" याचं उत्तर मी तीन असं देईन. पत्रा धड, कूलंट जागेवर, इंजिन तेल खात नाही, एवढं राहिलं तर चारही. हजार किलोमीटरला लिटरभर तेल वर टाकावं लागायला लागलं, किंवा एखादा साधा भाग मिळवायला तीन-तीन आठवडे थांबावं लागायला लागलं, की समजा, निरोपाची वेळ झाली.

जीव अडकलाय म्हणून मताची खात्री नाही म्हणता. ताई, बारा वर्षं रोज तिचा आवाज तुम्ही ऐकलाय. चढावर आवाज बदलला हे आधी तुमच्या कानाला कळलं, गॅरेजवाल्यांना नंतर. दीर तुमची गाडी शेवटची कधी चालवायला बसले होते?

राहता राहिली काठी. डिकीच्या दोन बाजूंचे गॅसचे दांडे बसलेत, आतला दाब गेलाय. ती काठी एक दिवस सटकेल आणि दार डोक्यात बसेल, माझ्या एकदा बसलंय. दोन्ही दांडे जोडीनेच बदला, एकच बदलला तर दार वाकडं ओढलं जातं. गॅरेजची गरज नाही. प्रत्येक टोकाला गोळीवर बसवलेली वाटी असते, तिची स्प्रिंगची क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरने थोडी उचलली की दांडा हातात येतो. नवा दाबला की टक्कन बसतो. जाडी बाजू वर, बारीक दांडी खाली, जुने कसे होते ते बघून. दार वर उचलल्यावर तिथे गाडीच्या छतातून दारात जाणारी रबराची सुरळी दिसेल. ती जरा वाकवून आतल्या वायरी बघा. बारा वर्षं उघडझाक होऊन तिथे हमखास वायर तुटते आणि लोक मागच्या वायपरची मोटर उगाच बदलतात. हे सगळं करताना दार धरायला मुलाला उभं करा, सहा फुटांचा उपयोग होईल. तो घरी नसेल तर काठी आहेच.